राखणीची बाटली

लवू घाडी व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला त्या दिवशी सातेरीनगरात त्याला कुणी "आलास काय रे?" असं विचारलं नाही. एरवी दळण घेऊन परतणाऱ्या माणसालाही तिथे हा प्रश्न चुकत नाही. मुलुंड पश्चिमेला, जिथून पुढे यायला रिक्षावाले कुरकुरतात, तिथे चढ लागतो आणि चढाच्या टोकाला डोंगराला पाठ लावून ही वस्ती बसली आहे. घरं बहुतेक मालवण, कणकवली, देवगडकडची. दारं इतकी समोरासमोर की एकाच्या तव्यावर बांगडा पडला की समोरचा भात लावायला घेतो. अशा गल्लीतून लवू खांद्याला पिशवी अडकवून चढत होता आणि त्याच्या पुढे पुढे दारं लोटली जात होती. आपटलं कुणीच नाही. हलकेच, कडीचा आवाज होणार नाही अशा बेतानं लोटली. आपटली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याच्या स्वतःच्या दारात रत्नप्रभा उभी होती. ती बाजूला झाली नाही.

"आधी ऐका, मग आत या," ती म्हणाली. "एकदाच सांगणार. पुन्हा पुन्हा सांगायला मी रेडिओ नाही."

"सांग."

"ज्या दिवशी तुमच्या अंगाला वास आला, त्या दिवशी हे दार बंद. थोडी घेतली, कुणी आग्रह केला, कुणाच्या हळदीत घेतली, मला काही ऐकायचं नाही. वास आला की बंद. मग डोंगरात जाऊन बसा. बिबट्या असतो तिथे, त्याला सांगा तुमची कारणं."

"जान्हवी काय म्हणते?"

"तिनंच ठरवलंय. मी नुसती वाचून दाखवतेय असं समजा."

जान्हवी आत पलंगावर बसली होती. घाटकोपरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करणारी मुलगी. दुसऱ्यांच्या बापांची लिव्हर किती बिघडली आहे हे रोज यंत्रावर बघायची. तिनं मान वर केली, "हाय पप्पा," एवढंच म्हणाली आणि पुन्हा मोबाइलकडे बघू लागली. केंद्र तिनंच शोधलं होतं, कर्जतच्या पुढे. सोडायला तीच गेली होती. घ्यायला मात्र कुणी गेलं नाही.

लवू सोसायट्यांचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. मोटर चालू असताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून तो डोळे मिटायचा, आणि बेअरिंग कितपत झिजलंय ते सांगायचा. बोलायला गोड, कामाला हुशार. सकाळी त्याचे हात थरथरायचे आणि दुपारी थरथरायचे नाहीत. यातलं चांगलं लक्षण कुठलं आणि वाईट कुठलं, हे सोसायटीवाल्यांना फार उशिरा कळलं. एका इमारतीच्या गच्चीवर पंप लावून तो टाकीच्या सावलीत झोपला. टाकी भरली, वाहिली, पाणी जिन्यानं उतरून लिफ्टच्या खड्ड्यात गेलं. त्या संध्याकाळी घरी येऊन तो म्हणाला होता, "मला कुठेतरी नेऊन टाका. काम बंद करतो. माझ्यानं इथे राहून सुटणार नाही." आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कामाला सुट्टी मागितली, तीही बायकोकडे.

आता सुट्टी संपली होती, पण काम त्याची वाट बघत थांबलं नव्हतं. पहिल्याच सोसायटीच्या गेटवर वॉचमननं हात आडवा केला.

"लवूभाई, ऊपर से मना है."

"अरे, मी आता सोडलीये. चार महिने झाले."

"अच्छी बात है," वॉचमन म्हणाला आणि हात तसाच आडवा ठेवला.

हे सगळं लवूनं गिळलं. केंद्रातले सर सांगायचे, तुम्ही बदललात हे तुम्हाला आधी कळतं, जगाला सगळ्यात शेवटी. जगाचं तो समजू शकत होता. त्याला खरी भीती होती ती समोरच्या दाराची.

समोर नंदकिशोर धुरी राहायचा. दोघं याच गल्लीत एकत्र गोट्या खेळले, एकाच शाळेत नापास झाले. आता नंदकिशोर वस्तीच्या मंडळाचा सेक्रेटरी होता. आणि दोन वर्षं तो लवूशी एक शब्द बोलला नव्हता.

त्याला कारण होतं, आणि ते कळायला घाडी म्हणजे काय हे आधी सांगायला हवं. कोकणात गावचं म्हणणं देवापुढे मांडायचा मान काही घरांना असतो. नारळ हातात घेऊन, मोठ्यानं, सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलायचं. त्याला गाऱ्हाणं घालणं म्हणतात. लवूचा बाप तानू घाडी गिरणीतली नोकरी संभाळून इथे डोंगराच्या कडेला झोपडं बांधायला आला, तेव्हा त्यानं वरच्या कुंभ्याच्या झाडाखाली एक दगड पाहिला आणि त्याला पहिला नारळ दिला. जागा कुणाची ना कुणाची असतेच, तिच्या राखणदाराला विचारल्याशिवाय चूल मांडायची नाही, हा गावचा शिरस्ता. तेव्हापासून दरवर्षी देवदिवाळीनंतरच्या रविवारी वस्तीतले पुरुष त्या दगडाला राखण देतात, कोंबडा आणि दारूची बाटली. गाऱ्हाणं घाडींच्या घरातल्या माणसानं घालायचं. आधी दगडावर दारूची धार, मग बाटलीचं बूच भरून गाऱ्हाणं घालणाऱ्यानं घ्यायचं, मग नारळ उचलायचा. प्रत्येक मागणीच्या शेवटी जमलेल्यांनी म्हणायचं, "व्हय महाराजा!"

तानूमागे हा मान लवूकडे आला आणि लवूनं तो गाजवला. तो बूचभर घेऊन कधी थांबला नाही, हे खरं. पण प्यायलेला लवू बोलू लागला की अंगावर काटा यायचा. कुणाचा मुलगा बेकार, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाचं लग्न जमत नाही, सगळं त्याला तोंडपाठ असायचं आणि तो एकेकाचं नाव घेऊन असा मागायचा की मागच्या रांगेतली दांडगी माणसं डोळे पुसायची. भांडुपहून, घाटकोपरहून लोक ऐकायला यायचे.

दोन वर्षांपूर्वी, असाच भरात आलेला असताना, त्यानं नंदकिशोरच्या मुलीचं नाव घेतलं. ऋतिका सासरहून परत आली होती. धुरींनी सगळ्यांना सांगितलं होतं की बँकेच्या परीक्षेसाठी माहेरी आली आहे. खरं काय ते फक्त लवूला ठाऊक होतं, कारण नंदकिशोरनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत सांगितलं होतं. आणि लवू कुंभ्याखाली नारळ उंच धरून गर्जला, "नंदकिशोराच्या चेडवाक नवऱ्यान मारून घरातसून भायर काढल्यान हा, तिका परत आपल्या घराक नांदाक धाड रे म्हाराजा!"

आणि सगळ्यांनी म्हटलं, "व्हय महाराजा!"

सवयीनं म्हटलं. तोंडातून निघाल्यावर त्यांना कळलं आपण कशाला होय म्हणालो ते. नंदकिशोर पुढच्याच रांगेत होता. सवयीनं तोही म्हणाला होता.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. चौथ्या घरातली म्हातारी ऋतिकाला धीर द्यायला आली, "देवाक सांगलेला हा, न्हेतलो तो तुका परत." ज्या माणसानं बरगडी मोडली, त्याच्याकडे परत जाण्यासाठी सगळ्या वस्तीनं देवाला साकडं घातलंय, आणि त्यात आपला बापही होता, हे ऐकून त्या मुलीनं बॅग भरली. ती सांताक्रूझला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहिली. पुढे नोकरी लागली, घटस्फोट झाला, पण ती सातेरीनगरात पुन्हा पाऊल ठेवायला आली नाही. लवूला त्यातलं दुसऱ्या दिवशी काही आठवत नव्हतं. त्याला सांगावं लागलं.

केंद्रात शिकवतात की ज्यांचं नुकसान केलं त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायचं. लवू आल्यावर तिसऱ्या दिवशी समोरच्या दारात उभा राहिला.

"नंदू, मी माफी मागायला आलोय."

नंदकिशोर दाढी करत होता. आरशातूनच बोलला. "कुणी पाठवलं? शाळेतून दिलाय का गृहपाठ?"

"तसं समज. पण मला मनापासून..."

"झालास चांगला? छान. तुझं झालं ना आता, तू सुटलास. पेढे वाट." त्यानं वस्तरा पाण्यात बुडवला. "तू प्यायचास तेव्हा निदान आम्हाला कळायचं हा प्यायलाय. आता हे नवीन नाटक. माझी पोर आणून दे, मग माफीचं बघू. चल, दार लाव जाताना."

लवूनं दार लावलं. बाहेर येऊन तो उभाच राहिला, कारण आपल्या घरात शिरताना चेहरा कसा ठेवायचा ते त्याला सुचेना.

देवदिवाळी जवळ आली तशी मंडळाची बैठक बसली. लवू मागे, चपलांजवळ बसला. नंदकिशोरनं पावशेर आवाजात विषय काढला आणि मग एकदम वाढवला.

"राखणीचं काय करायचं? मान घाडींचा आहे, ते मला मान्य आहे. मी कुणाचा मान काढून घेत नाही. पण रीत ती रीत. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं बूचभर घ्यायची आहे. लवू घेणार असेल तर त्यानं घालावं. घेणार नसेल तर मान मंडळाकडे द्यावा."

खोलीत कुणी खोकलं. सगळ्यांना कळलं होतं की या वाक्याला दोन्ही बाजूंनी धार आहे. होय म्हटलं तर लवू गेला, नाही म्हटलं तर घाडी गेले.

गुणाजीआबा वस्तीतले सगळ्यात जुने. तानूबरोबर त्यांनी तो पहिला नारळ फोडलेला. ते म्हणाले, "नंदू, तू सेक्रेटरी आसस काय पोलीस? बोट बुडवून जिभेक लावल्यान तरी चलता."

"जिभेला लावलेलं पण माझं बंद आहे, आबा," लवू मागून म्हणाला.

"मग कसला रे तुझा गाऱ्हाणा?" दुसरा एक जण हसला. "गेल्या वर्षीसुद्धा तू नव्हतास भानावर, पण काय बोललास! सुका सुका बोलशील तर देवाला झोप येईल."

लोक हसले. त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता, आणि म्हणूनच ते लवूला लागलं. कारण ती भीती त्याचीच होती. केंद्रातल्या लोखंडी खाटेवर पडून त्यानं मनातल्या मनात गाऱ्हाणं घालून पाहिलं होतं. शब्द सगळे होते. आवाज मात्र कुठेतरी बाटलीतच राहिला होता.

"रविवारी सांगतो," तो म्हणाला.

घरी रत्नप्रभाला बैठकीचं सगळं आधीच पोचलेलं होतं. भाकरी थापता थापता तिनं तोंड सोडलं.

"द्या ना तो मान! काय करायचंय त्या मानाचं? भाजीत घालायचंय? तुमच्या बाबांनी दगडाला नारळ दिला, तुम्ही दगडाच्या नावानं खंबे रिचवलेत."

"बाबांनी मला दिलेली ती एकच गोष्ट आहे, प्रभा."

"दुसरी पण दिलीये. ती पिण्याची सवय." भाकरी तव्यावर आपटली गेली. "जाऊच नका रविवारी. ताप आला सांगा."

"मी पळालो असं होईल."

"व्हायचं ते होऊ दे. मला माणूस पाहिजे, मानकरी नकोय," ती म्हणाली, आणि असं बोलून गेल्याचा तिला स्वतःलाच राग आल्यासारखं तिनं लगेच पुढे जोडलं, "तोही पाहिजे की नाही ते अजून ठरायचंय."

जान्हवीनं ताटावरून वर न बघता म्हटलं, "पप्पा, सिरियसली, तिकडे बाटली उघडी असणार. तुम्हाला वास सहन होईल?"

लवू ताट उचलून मोरीकडे गेला, आणि दोघींनी त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावला.

रविवारी सकाळी पुरुष वर चढले. राखणीला बायका जात नाहीत. त्या खाली घराघरात वडे तळत होत्या. कुंभ्याखालचा पालापाचोळा झाडून जागा सारवली होती. कोयत्यानं कोंबडा कापून झाला. गुणाजीआबांनी बाटलीचं बूच फिरवलं आणि दगडावर धार सोडली. नोव्हेंबरच्या कोवळ्या उन्हात तो वास उठला आणि लवूच्या जिभेखाली पाणी सुटलं. इतक्या सहज, जणू मधले महिने झालेच नव्हते. त्यानं पायाचा अंगठा चपलेत घट्ट रुतवला.

आबांनी बूच भरून त्याच्यापुढे धरलं. आबांचा हात म्हातारपणानं हलत होता, बुचातली दारू काठावर लवलवत होती.

"घे रे झिला. नायतर सांग."

सगळे बघत होते. नंदकिशोर नारळाचं ताट धरून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला सांगायचं, आशा होती. लवूनं ते बूच घ्यावं याची आशा.

"मी घेणार नाही," लवू म्हणाला. "आबा, मान मी सोडला. ज्याला द्यायचा त्याला द्या."

तो मागे सरला. इतक्या वर्षांत त्या जागी तो कधी दुसऱ्या रांगेत उभा राहिला नव्हता. कुठे उभं राहायचं हेही त्याला कळेना. कुणी सरकून जागा दिली नाही. तो कडेला, घाणेरीच्या झुडपाला टेकला.

आबांनी बूच नंदकिशोरपुढे केलं. नंदकिशोरला वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी दारूची साफ मनाई केलेली. त्यानं बूच ओठांपर्यंत नेलं न नेलंसं केलं आणि मातीत उपडं केलं. कुणी ब्र काढला नाही. लवूनं ते पाहिलं, आणि नंदकिशोरनं लवूला पाहताना पाहिलं.

नंदकिशोरला गाऱ्हाणं येत नव्हतं. सुरुवात त्यानं बरी केली, "बा देवा म्हाराजा, आज ही सगळी लेकरां तुझ्या पायाशी जमली हत," आणि चार वाक्यांत अडकला. कुणासाठी काय मागायचं तेच त्याला ठाऊक नव्हतं. हिशेब आणि पावत्या करणारा माणूस तो. नारळ धरलेले हात खाली येऊ लागले.

"पोरांच्या नोकऱ्या," लवू झुडपाकडून हळूच म्हणाला.

"गप रे बेवड्या!" नंदकिशोर मागे न वळता ओरडला. कुणीतरी फिसकन हसलं. मग नंदकिशोर मालवणी सोडून साध्या मराठीतच बोलू लागला, भांडल्यासारखा. "महाराजा, मला काय येत नाही असलं. सगळ्यांना सुखी ठेव. पाणी वेळेवर येऊ दे." तो थांबला. "माझी पोरगी घरी येत नाही. तिला कुठे नांदायला पाठवू नकोस. तिला नुसती घरी येऊ दे. एक दिवस. जेवायला."

मग रांगेतून पुटपुटल्यासारखं आलं, "व्हय महाराजा." लवूही म्हणाला. त्याचा आवाज इतरांपेक्षा एक क्षण मागून आला, त्यामुळे एकटा ऐकू गेला.

नंदकिशोर वळला. "तू नको म्हणूस," तो म्हणाला. "सगळ्यांनी म्हणा. तू नाही."

लवूनं तोंड मिटलं.

विधी आटोपल्यावर माणसं खाली, जिथे मोठ्या टोपात कोंबडा शिजणार होता, तिकडे उतरली. राखणीची बाटली मात्र घरी न्यायची नसते. उरली तर तिथेच ओतायची, असा दंडक. दरवर्षी ती लवूच संपवायचा, म्हणून ओतण्याची वेळ कधी आली नव्हती. सवयीनं ती जबाबदारी त्याच्याचकडे राहिली. कुणी मुद्दाम ठेवली नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही. तो आणि अर्धी बाटली, असे दोघेच कुंभ्याखाली उरले.

त्यानं ती उचलली. काचेचा तो गारवा हाताच्या ओळखीचा होता. आता इथे कोण बघतंय, असा विचार आला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा, त्याहून वाईट: मान गेला, मित्र गेला, "व्हय" म्हणायचासुद्धा हक्क गेला, मग हे कशासाठी सांभाळायचं? त्यानं बाटली तोंडाजवळ नेली की नाही, हे त्याला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. एवढं खरं की त्यानं ती एकदम उलटी केली, आणि हात इतका थरथरत होता की निम्मी दगडावर पडली आणि निम्मी त्याच्या सदऱ्यावर, पोटावर, लेंग्यावर.

"संपवलीस!"

नंदकिशोर विसरलेला कोयता न्यायला परत आला होता. त्यानं रिकामी बाटली पाहिली, भिजलेला सदरा पाहिला, आणि येऊन लवूची कॉलरच धरली.

"मला माहीत होतं! सगळ्यांसमोर साधू, आणि पाठ वळली की..."

"ओतली, नंदू. ओतताना सांडली."

"अंगावर? लहान बाळ आहेस?"

"तोंड हुंग माझं."

"चल हट!"

"हुंग," लवू म्हणाला आणि त्यानं तोंड उघडलं.

दोन अर्धे म्हातारे पुरुष, एकानं दुसऱ्याची कॉलर धरलेली, नाकासमोर नाक. नंदकिशोर वाकला. सदऱ्याचा वास चढत होता, म्हणून त्याला अगदी जवळ जावं लागलं. लवूच्या तोंडाला चहाचा वास होता, आणि उपाशी पोटाचा. नंदकिशोरनं पुन्हा एकदा हुंगलं, हवा तो वास मिळेल म्हणून. मग कॉलर सोडली.

"घरी काय सांगशील?" तो म्हणाला.

लवूच्या डोक्यात ते तेव्हा शिरलं. वास आला की दार बंद. आणि तो तर आता चालता गुत्ता झाला होता.

"तू सांगशील रत्नप्रभाला? तू एकट्यानंच पाहिलंय."

"मी?" नंदकिशोर हसला. ते हसू बघायला चांगलं नव्हतं. "माझ्या पोरीनं घर सोडलं तुझ्यापायी. तुझ्या बायकोनं तुला घराबाहेर काढलं तर मी नारळ फोडीन." आणि कोयता घेऊन तो उतरला.

लवू न जेवता घरी गेला. गल्लीत तो शिरायच्या आधी त्याचा वास शिरला. एका खिडकीतून "पडलाच शेवटी मेलो" असं ऐकू आलं. रत्नप्रभानं दारातच एक श्वास घेतला. तिचा चेहरा काही क्षण नुसता रिकामा झाला, रागावलीही नाही.

"प्रभा, घेतलेली नाही. ओतताना..."

दार बंद झालं. आतून कडी लागली.

"जान्हवी, बाळा, तू तरी ऐक. तू तर तपासतेस, माझं रक्त काढ आणि बघ."

"पप्पा, प्लीज," आतून जान्हवीचा रडका, चिडका आवाज आला. "प्रत्येक वेळी तुमची एक स्टोरी असते यार. प्रत्येक वेळी."

तो पायरीवर बसला. ऊन डोक्यावर आलं. सदरा वाळत गेला तसा वास आणखीच आंबट झाला. समोरून माणसं राखणीचं जेवून परतू लागली, आणि त्याला ओलांडून जाणारा प्रत्येक जण पाय जरा जास्तच उचलत होता.

राखणीच्या कोंबड्याचा वाटा प्रत्येक घरात पोचवायचा असतो. चमचाभर का होईना, पण घरच्या बाईच्या हातात द्यायचा; उंबऱ्यावर ठेवत नाहीत आणि नाकारतही नाहीत. ते काम सेक्रेटरीचं. नंदकिशोर टोप आणि पळी घेऊन एकेक घर करत वर येत होता. घाडींच्या दाराशी आला तेव्हा लवू उठून बाजूला झाला. नंदकिशोरनं त्याच्याकडे बघितलंही नाही. कडी वाजवली.

"वाटा घ्या, वहिनी."

रत्नप्रभाला दार उघडावंच लागलं. डोळे सुजलेले, हातात वाटी. नंदकिशोरनं पळीभर रस्सा आणि एक फोड वाढली. वाढून तो जायला वळला. एक पाऊल गेला आणि थांबला.

"प्यायला नाहीये हा," तो म्हणाला. "ओतताना अंगावर सांडून घेतली. मी तोंड हुंगलंय याचं, दोनदा."

रत्नप्रभानं वाटी दोन्ही हातांनी धरली. "तुम्ही कशाला यांची बाजू घेताय, भावजी?"

"बाजू?" नंदकिशोर भडकला. "प्यायला असता ना, तर खालून वरपर्यंत ओरडत आलो असतो. तीच इच्छा होती माझी. प्यायला नाही, म्हणून हळू सांगतोय."

आतून जान्हवी दारापर्यंत आली होती. तिनं नंदकिशोरकडे पाहिलं, मग बापाकडे. वस्तीत लवूसाठी खोटं न बोलणारा एकच माणूस होता, आणि तो हाच, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"नंदू," लवू म्हणाला.

"माझ्याशी बोलायचं नाही." नंदकिशोरनं टोपाचं झाकण बसवलं आणि शेजारच्या दाराकडे वळला. "वाटा घ्या! अरे, कुणी आहे का घरात?"

रत्नप्रभा उंबऱ्यातून अजून हलली नव्हती. वाटीतल्या रश्श्यावर तवंग धरत होता.

"तो सदरा काढा," ती शेवटी म्हणाली. "इथेच. बाहेर. आणि मोरीत जाऊन आधी अंग घासा, मग भांड्यांना हात लावा."

लवूनं भर गल्लीत, सगळ्या अर्ध्या उघड्या दारांसमोर, सदरा डोक्यावरून काढला. बनियनवर उभा राहिला. रत्नप्रभा एका बाजूला झाली, फार नाही, एक माणूस अंग चोरून आत शिरेल इतकीच.